आडोळी म्हणजे कोण?

आमच्या घरात बाबा नेमकं काय काम करतात याची कोणालाच पुरती खात्री नव्हती. मला तर नव्हतीच.

ते क्रिकेट खेळत हे खरं. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी स्लिपमध्ये झेल घेताना मोडली होती आणि पुन्हा कधी सरळ झाली नाही, त्यामुळे तेवढ्यावर शंका घ्यायला जागा नव्हती. पण खेळणं हे काम असू शकतं, हे पेडण्यातल्या आमच्या गावात कोणाला पटत नसे. साखळीजवळच्या एका खाण कंपनीत त्यांना नोकरी मिळाली ती कंपनीच्या टीममधून खेळण्यासाठी. सकाळी ऑफिसात जायचं, दुपारी मैदानावर. आम्ही साखळीला राहायला आलो ते त्या नोकरीमुळे. सुट्टीत गावी गेलो की शेजारचे एक आजोबा दर वेळी तेच विचारत, ‘पगार खाणीचो, घाम मैदानाचो. मगे माती कोण काढता रे?’

बाबा सहाव्या नंबरवर बॅटिंग करत, ऑफ-स्पिन टाकत आणि स्लिपमध्ये उभे राहत. राज्याकडून बरीच वर्षं खेळले. पेपरात त्यांच्याबद्दल ‘अष्टपैलू’ असं छापून यायचं आणि गावात त्या शब्दाची थट्टा व्हायची. ‘आठ बाजू आसत, म्हणजे खंयच्याय बाजून कलंडतलो,’ असं आजोबांनीच एकदा म्हटलं होतं. ते अगदीच खोटं नव्हतं. संघ जिंकला की बाबांनी काय केलं ते कोणाला आठवत नसे. हरला की त्यांना दोन्हीकडून विचारलं जाई, रन का नाहीत आणि विकेट का नाहीत. एक वर्ष त्यांना बॅट्समन कमी पडतो म्हणून बाहेर बसवलं, पुढच्या वर्षी बोलर कमी पडतो म्हणून. हे सांगताना ते हसायचे. मी त्यांच्या हसण्याकडे नीट बघायचे, कारण ते हसणं मला खरं वाटत नसे.

खाणी बंद पडल्या आणि कंपनीची टीमही गेली. बाबांनी कोचिंगच्या परीक्षा दिल्या, काही वर्षं शाळांतल्या मुलांना शिकवलं, मग परदेशातल्या एका क्लबात गेले आणि तिथून एका देशाच्या महिला संघाचे कोच झाले. देशाचं नाव मी लिहीत नाही. तिथे क्रिकेट खेळणारी माणसं इतकी थोडी आहेत की नाव घेतलं तर बाबा लगेच ओळखू येतील.

गावात बातमी गेली की ते कोच झाले. आजोबा म्हणाले, ‘कोच? रेल्वेचो?’ त्या सुट्टीत गावातली सगळी पोरं मला ‘डब्याचां चेडू’, म्हणजे डब्याची पोर, म्हणत होती. त्याहून मोठा संशय बोटीचा होता. आमच्याकडे माणूस महिनोन्महिने गायब असतो आणि चॉकलेटं घेऊन, काळाभोर होऊन परततो, तो बोटीवर कामाला असतो. बायका आईला आडून विचारायच्या, ‘किचनात आसत काय बोटीच्या डेकार?’ आणि आईने ‘नाही हो, कोच आहेत’ म्हटलं की एकमेकींकडे बघायच्या. लाज वाटते म्हणून सांगत नाही बिचारी, असा त्या बघण्याचा अर्थ असायचा.

मी इंग्रजी शाळेत होते. तिथेही तसंच. ‘कुठल्या टीमचे? मग टीव्हीवर का दिसत नाहीत?’ असं एका मुलीने विचारलं. त्या देशाचा सामना मीही कधी टीव्हीवर पाहिला नव्हता. फोनवर बाबा हळू, सोप्या इंग्रजीत त्या मुलींशी बोलत आणि आमच्याशी बोलताना हसत त्यापेक्षा जास्त हसत. फोटोत त्या सगळ्या त्यांच्याभोवती दाटीने उभ्या असत. आई फोन डोळ्यांजवळ धरून बघायची.

‘ही मधली कोण?’

‘विकेटकीपर,’ बाबा म्हणाले.

‘इतकी जवळ कशाक उभी?’

‘कीपर जवळच उभी रवता.’

आई हसली नाही. मीही नाही.

मी खेळायला लागले त्यात बाबांचा हात नव्हता. ते तेव्हा परदेशातच होते. शाळेत मुलींची टीम काढली, तिथे मला बोलायला लावणार नाहीत असं एकच काम होतं, ते म्हणजे ऑफ-स्पिन. फास्ट बोलरला डोळे वटारावे लागतात, कॅप्टनला ओरडावं लागतं. ऑफ-स्पिनर चार पावलं चालून चेंडू सोडते आणि परत जाते. फक्त अपील करायचं संकट असे. राज्याच्या टीममध्ये आल्यावर कॅप्टन, ती मडगावची होती, मला म्हणायची, ‘अगो, अपील कर! देवाक गाराणें घालता तशें पुटपुटू नाका.’

एका सुट्टीत बाबांनी मला एक चेंडू शिकवला. आई ओट्यावर बसून नारळ खवत होती. आमच्याकडे विळीला आडोळी म्हणतात, तिच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती असते. बाबा माझी बोलिंग बघून आले होते. त्यांनी आईच्या हातातली नारळाची वाटी घेतली आणि माझ्या तळहातात बसवली. ‘खव,’ म्हणाले. मी खवायला लागले. ‘आता मनगट बघ तुझां. वाटी खालसून फिरता, बोटां वयर नाय येत.’ वाटी काढून तिथे चेंडू दिला. ‘तसोच सोड.’

ऑफ-स्पिन टाकताना बोटं चेंडूवरून फिरतात आणि चेंडू पडल्यावर आत वळतो. मनगट असं खालून फिरवलं तर दिसायला तोच चेंडू, पण पडल्यावर तो वळत नाही, सरळ घसरत जातो. बॅट वळणाऱ्या चेंडूची वाट बघते आणि फसते. आम्ही दोघं त्याला आडोळीच म्हणायचो. फोनवर ते विचारायचे, ‘आडोळी कशी आसा?’ आणि मी म्हणायचे, ‘बरी आसा.’ आईला वाटायचं आम्ही तिच्या विळीची चौकशी करतोय. हा चेंडू आमच्या घरचा, असं मी धरून चालले होते.

मग त्यांची टीम गोव्यात आली. दोन सराव सामने, दोन्ही साखळीला, आमच्या राज्याच्या संघाविरुद्ध. त्यानंतर आमची टीम बाहेरच्या राज्यात मोठ्या स्पर्धेसाठी जाणार होती. त्या टीममध्ये ऑफ-स्पिनर एकच न्यायची होती आणि आम्ही दोघी होतो, मी आणि दक्षिणेकडची एक उंच मुलगी. ती माझ्यापेक्षा बॅटिंग बरी करायची. आमच्या मॅडम, म्हणजे संघाच्या कोच, यांनी आम्हाला दोघींना समोर उभं करून सांगितलं, ‘या दोन मॅचमध्ये बघणार. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही.’ माझ्यासाठी ती जागा म्हणजे सगळंच होतं. ती हुकली तर वय बघता पुढच्या वर्षी मला सरावालाही बोलावतील की नाही, शंका होती.

पहिल्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बाबा घरी जेवायला आले. त्यांची टीम पणजीच्या हॉटेलात होती. अंगावर त्या देशाचा ट्रॅकसूट, छातीवर त्यांचं चिन्ह. आईने दारातच म्हटलं, ‘आत येऊचा काय पाहुण्यांनी?’

जेवताना त्यांनी विचारलं, ‘कॅप्टन तुका कितव्या ओवरीक बॉल दिता?’

‘माहीत नाही.’

‘नव्या बॉलार दिता काय?’

‘कधीकधी.’

त्यांनी माझा हात उलटा करून पहिल्या बोटावरचा घट्टा अंगठ्याने दाबून बघितला. ‘आडोळी टाकतंस अजून?’

‘टाकते.’

‘बरां,’ ते म्हणाले आणि सोलकढी प्याले.

तेव्हा मला काहीच वाटलं नाही. हे नंतर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं, की तेव्हा मला काहीच कसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनने मला चेंडू दिला तेव्हा त्यांच्या दोन चांगल्या बॅटर खेळत होत्या. पहिले काही चेंडू साधे टाकले, आत वळले, त्यांनी अडवले. मग मी आडोळीसाठी मनगट मोडून धरलं आणि चालायला लागले. माझ्या बाजूला, नॉन-स्ट्रायकरच्या जागी उभी असलेली मुलगी माझा हात बघत होती. मी चेंडू सोडणार तोच ती मोठ्याने म्हणाली,

‘आदोली!’

समोरची बॅटर आरामात मागे सरली आणि सरळ येणारा चेंडू पॉइंटमधून चौकाराला गेला.

मी तिथेच उभी राहिले. हजारो मैल लांबून आलेल्या मुलीच्या तोंडात माझ्या आईच्या स्वयंपाकघरातली वस्तू होती. मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पुढच्या ओव्हरमध्ये पुन्हा तसं मनगट धरलं. पुन्हा ‘आदोली!’, पुन्हा चौकार.

आता सगळ्यांनी ऐकलं होतं. इंग्लिश किंवा त्यांच्या भाषेतला शब्द असता तर कोणाला कळलंही नसतं. पण माझ्या टीममध्ये सगळ्या गोव्याच्या, प्रत्येकीच्या घरी ती वस्तू होती. शॉर्ट लेगला उभी असलेली मुलगी हसायलाच लागली. ‘आदोळी? हिका नारळ किसूंक जाय?’ कॅप्टन हसली नाही. तिने एकदा बाबांची टीम बसली होती त्या मांडवाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ‘हें उतर तांकां कोणें शिकयलें?’ हा शब्द त्यांना कोणी शिकवला, हे विचारायची गरजच नव्हती. तिने चेंडू माझ्या हातातून घेतला आणि उंच मुलीला दिला. त्या दिवशी मला पुन्हा बोलिंग मिळाली नाही.

जेवणाच्या वेळी मी आत गेले तसं बोलणं थांबलं. पुढच्या सामन्यातल्या फील्डिंगची चर्चा चालली होती. कोणीतरी म्हणालं, ‘पाणी हाड गे थोडें,’ मी पाणी आणायला बाटल्या घेऊन बाहेर आले आणि माझ्या पाठीमागे चर्चा पुन्हा सुरू झाली. मॅडमनी मला बाजूला घेतलं. ‘घरी काय बोललीस?’

‘काही नाही, मॅडम.’

‘ते काल घरी आले होते ना?’

‘जेवायला.’

‘हं,’ मॅडम म्हणाल्या.

मला त्यांचा राग आला नाही, कारण मीही तोच हिशोब मांडत होते. कितव्या ओव्हरला बॉल देतात. नव्या बॉलवर देतात का. अजून टाकतेस का. तो घट्टा दाबून बघणं. मी लहानपणी बोटीचा संशय घेतला होता, आईने फोटोतल्या मुलीचा घेतला होता. पण बाबा माझ्याच शेजारी ताटावर बसून माझ्याविरुद्ध माहिती काढतील, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी घेतला नाही. आईने घेतला आणि म्हणाली, ‘विचारता, खांद्याक शेक दिलंस काय.’

‘सांग, माहीत नाही म्हणून.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे माझा खांदा दुखतो की नाही ते त्यांना कशाला?’

आई मला निरखत राहिली. मग फोनमध्ये म्हणाली, ‘शेक दिल्यान,’ आणि ठेवला.

मधला एक दिवस मोकळा होता. मी घरामागच्या चिऱ्यांच्या भिंतीवर चेंडू टाकत बसले. आडोळी आता मेली होती, तो चेंडू टाकून उपयोग नव्हता. पण त्या मुलीचं ओरडणं माझ्या कानातून जाईना. ती चेंडू बघून ओरडत नव्हती. ती माझं मनगट बघून ओरडत होती. मनगट आडोळीसारखं मोडून धरलं आणि अगदी शेवटी बोटं वरून फिरवली तर? चेंडू आत वळेल आणि ‘आदोली’ ऐकलेली बॅटर सरळ चेंडूसाठी उभी असेल. मनगटाला ते फार जड गेलं. दुपारपर्यंत दहातले तीन नीट पडायला लागले. मी कोणाला सांगितलं नाही, मॅडमना नाही आणि आईलाही नाही. बाबांना कळू नये म्हणून मी अंगणात कोणी येतंय का ते बघून चेंडू टाकत होते.

दुसऱ्या सामन्यात कॅप्टनने मला फार उशिरा बोलावलं, तेही उंच मुलीला मार बसला म्हणून. चेंडू देताना म्हणाली, ‘साधे घाल. शाणेपण नाका.’

बाबा समोरच्या मांडवात हाताची घडी घालून बसले होते. शेजारी त्यांच्या टीमची मॅनेजर बाई. मी मनगट मोडून धरलं, तिकडे बघितलं आणि चालायला लागले. ‘आदोली!’ बॅटर मागे सरली, कटसाठी बॅट उचलली, चेंडू आत वळला आणि बॅट व पॅडमधून जाऊन तिच्या यष्ट्यांवर आदळला.

मला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली. मी परत बाबांकडे बघितलं. ते तसेच बसले होते.

पुढच्या ओव्हरमध्ये नवीन मुलीने तोच आवाज ऐकून बॅट पुढे केली आणि शॉर्ट लेगला झेल दिला. या वेळी बाबा अर्धवट उठले. मॅनेजर बाई त्यांना काहीतरी म्हणाली. ते पुन्हा बसले. मला वाटलं, संपलं, आता निरोप येणार. पाण्याची बाटली घेऊन कोणीतरी धावत येईल आणि सांगेल, ओरडू नका, ती फसवतेय. कोणीही आलं नाही. मग ती फोटोतली विकेटकीपर आली. ‘आदोली!’ तीही बोल्ड झाली. परत जाताना तिने नॉन-स्ट्रायकरला तिच्या भाषेत काहीतरी चांगलंच सुनावलं आणि त्यानंतर ओरडणं बंद झालं.

माझ्या टीमच्या मुली माझ्या अंगावर येऊन पडल्या. कॅप्टन म्हणाली, ‘तुज्या बापायक आतां घरा जेवण मेळचें ना!’ सगळ्या हसल्या. फक्त ती उंच मुलगी शेवटी आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, ‘चांगले आहेत तुझे बाबा.’

सामना संपल्यावर मॅडमनी टीम सांगितली. ऑफ-स्पिनरच्या जागी माझं नाव होतं.

मी घरी आले ती तेच वाक्य घेऊन. चांगले आहेत तुझे बाबा. पहिली विकेट माझ्या डोक्याची, ते मी मान्य करत होते. पण दुसरीनंतर? इतकी वर्षं खेळलेला, देशाची टीम सांभाळणारा माणूस मांडवात बसून बघतोय की आपल्या पोरी एका शब्दामुळे बाद होताहेत, आणि तो शब्द बंद करायला सांगत नाही. दोन दिवसांपूर्वी मला वाटत होतं त्यांनी मला विकलं. आता वाटत होतं त्यांनी मला जागा दान केली. दुसरा संशय पहिल्यापेक्षा वाईट होता. पहिल्यात निदान मी चांगली बोलर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला आले. संध्याकाळी मोप्याहून त्यांचं विमान होतं. मी वाढून झाल्यावर समोर बसले आणि विचारलं. मी असं सरळ काही विचारत नाही, त्यामुळे आईसुद्धा पळी हातात धरून थांबली.

‘बाबा, आडोळी तू कोणाकोणाला शिकवलीस?’

‘सगळ्यांका.’

‘हेच नाव सांगून?’

‘दुसरां नाव माका खंय ठाऊक? पुस्तकात काय आसात तां आसात.’

‘आणि आडोळी म्हणजे काय, हे त्यांना माहीत आहे?’

बाबांना हसू आलं. ‘तेंका वाटता, आदोली नावाचो कोण तरी गोंयचो जुनो बोलर होतो. एकीन विचारलां माका, किती विकेट घेतल्यान म्हणून. मी म्हटलां, पुष्कळ.’

आई हसली. मी हसू आवरलं. ‘आधी कोणाला शिकवलीस? मला की त्यांना?’

त्यांनी घास चावून गिळला. ‘तुका.’

उत्तर यायला वेळ लागला होता. घास मोठा होता, हेही खरं.

‘मी टाकते हे त्यांना सांगितलंस?’

‘नाय. बघल्यानी आणि ओळखल्यानी. स्वता टाकतत ती, ओळखतलीच.’

‘मग काल थांबवलं का नाहीस? दुसऱ्या विकेटनंतर तुला कळलं नव्हतं?’

‘कळलां.’

‘उठलास. मग बसलास कशाला?’

‘सराव सामन्यात मी बाहेरसून निरोप धाडीत नाय. बाहेरसून सांगितलेलां डोक्यात रवत नाय. ता कीपर आता जन्मात विसराचा नाय.’ त्यांनी आमटी भातावर घेतली. ‘आणि मी बसलंय की उठलंय तां तुका कसां कळलां?’

मी भाताचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.

‘दर बॉलाच्या आधी तू मांडवाकडे बघी होतंस,’ ते म्हणाले. ‘कशाक?’

आई म्हणाली, ‘बापूस आसा तिचो. बघूचा नाय?’

‘थंय मी बापूस नाय होतंय,’ बाबा म्हणाले आणि पाणी मागितलं.

गाडीत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. टीममध्ये निवड झाल्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते मी लक्षात ठेवलं. जो माणूस काही देऊन जातो तो त्याबद्दल बोलत नाही, असं आईकडच्या बायका म्हणतात.

निघायच्या आदल्या दिवशी शेवटचा सराव होता. मी चेंडू टाकत होते आणि मॅडम माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. दोन चेंडू बघितले. मग म्हणाल्या, ‘अजून बाहेर बघतेस तू. चेंडू सोडायच्या आधी. माझ्याकडे बघतेस आता.’

‘सॉरी, मॅडम.’

‘सॉरी काय. तुझ्या बाबांनी सांगितलं होतं मला.’

मी थांबले. ‘कधी?’

‘मॅच संपल्यावर. मी विचारलं त्यांना, दोघींना बघितलंत, कोणाला नेऊ? म्हणाले, दुसरीला न्या. हिला एक वर्ष थांबवा, ही बॉल टाकायच्या आधी परवानगी मागते.’ मॅडमनी खांदे उडवले. ‘तीन विकेट घेतलेल्या मुलीला घरी बसवून मी लोकांना काय सांगू? नेतेय. पण बाहेर बघायचं बंद.’

मी हातातला चेंडू टाकला, मॅडमकडे न बघता. मग काही वेळाने, चेंडू आणायला जाळीपर्यंत चालत जाताना, मला एकदम हलकं वाटलं. त्यांनी जागा दिली नव्हती. उलट ती मला मिळू नये असं सांगितलं होतं, तेही त्या तीन विकेट पडल्यावर. बापाने मुलीविरुद्ध दिलेला शब्द ऐकून इतका आनंद झालेली दुसरी कोणी असेल असं मला वाटत नाही. उंच मुलीचा नंबर माझ्याकडे होता. तिला हे सांगावं असं फार वाटलं. सांगितलं नाही.

आईला मात्र घरी येऊन सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

‘नाय म्हणालो? स्वताच्या चेडवाक नाय म्हणालो?’

‘हो.’

‘येऊ दे तेचो फोन. सांगतंय मी कोच कसो असता तो.’

‘आई, चांगलं केलं त्यांनी.’

‘तुका काय कळता!’ ती जोरजोरात सूप पाखडायला लागली. तांदूळ अंगणात उडत होते. मग पाखडणं सावकाश होत गेलं आणि ती सूप मांडीवर ठेवून माझ्याकडे वळली. ‘ही तुमची मॅडम. ती तुझ्या बापाशीक कधीपासून ओळखता?’

‘त्या खेळायच्या तेव्हापासून. वीसेक वर्षं.’

‘आणि तो सांगता तसां करता ती?’

मी विचार केला. मॅडम कोणाचंच ऐकत नाहीत. दुसऱ्या कोचने सुचवलेली गोष्ट तर त्या हमखास उलट करतात, हे टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे. बाबांनाही माहीत असणारच.

‘उलट करतात,’ मी म्हणाले.

‘मगे बरोबर,’ आई म्हणाली. ‘तो नेऊ नको म्हणालो, म्हणानच तिणा तुका घेतल्यान. मी तेका ओळखतंय.’

‘आई, असं काही नसेल.’

‘तुका कसां कळलां?’

‘कळलं नाही. कळणारही नाही.’

‘फोन कर. विचार तेका. आत्ता विचार.’

फोन समोरच होता. विचारलं असतं तर त्यांनी घास मोठा असल्यासारखं थांबून काहीतरी उत्तर दिलं असतं आणि मी त्या थांबण्याचा अर्थ लावत पूर्ण स्पर्धा काढली असती. जागा कोणाच्या हो म्हणण्याने मिळाली की नाही म्हणण्याने, ती आता माझ्याकडे होती आणि सकाळी सहाला साखळीच्या स्टँडवरून बस होती.

‘नको,’ मी म्हणाले आणि बॅग भरायला घेतली. आई दारात उभी राहून बघत होती. बुटांना सरावाची लाल माती होती. मी ते बाहेर नेले आणि पायरीवर आपटले.